विजेची मोटार आणि फीनिक्सचें ऊन

विजेच्या मोटारीची बॅटरी लवकर खालावली, कीं मालकाच्या संवयींकडे बोट दाखविलें जातें. अमेरिकेंतील फीनिक्स या उष्ण शहरीं २०१२ सालीं निस्सान लीफ गाड्यांच्या कित्येक मालकांस बॅटरीची क्षमता दर्शविणाऱ्या १२ रेषांपैकीं कांहीं अकालींच मावळलेल्या दिसल्या. बॅटरी सदैव काठोकाठ भरून ठेवणें अपायकारक, हें खरें. म्हणून तर ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय त्या गाडींत होती, आणि दक्ष मालक ती पाळीतही असत. परंतु लिथियमच्या घटांचा क्षय उष्णतेनें वाढतो, आणि या घटांस थंड करणारा साधा पंखाही नव्हता! ४० अंशांच्या उन्हांत मालकाची शिस्त बिचारी किती पुरणार? पुढें कंपनीनें ५ वर्षें वा ६०,००० मैलांपर्यंत ९ रेषांची हमी दिली. पंखा मात्र त्या गाड्यांस मिळाला नाहीं.