घाटातली रांग आणि फेराइटची कांडी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना एक अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. पुढे भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत असतो. मागून एस.टी., जीप, मोटारी भराभर येतात आणि त्याच्या पाठीला चिकटतात. पुढे काढायला जागा नाही. पायथ्याशी विखुरलेली वाहने वर पोचेपर्यंत घट्ट रांग होऊन जातात. आजच्या विषयाची अर्धी किल्ली या रांगेत आहे.

उरलेली अर्धी जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये सापडेल. मागचे झाकण उघडले की तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी, ठिसूळ कांडी दिसते. ती फेराइटची. लोहाच्या ऑक्साइडात जस्त, निकेल, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडे मिसळून भट्टीत भाजलेला हा पदार्थ. तोक्योत कातो आणि ताकेई या दोघांनी १९३० साली त्याचा शोध लावला. चुंबकाला साथ देतो, पण वीज फारशी वाहू देत नाही, म्हणून रेडिओलहरींची शक्ती त्यात वाया जात नाही. कांडी दुरून आलेली क्षीण लहर गोळा करते. तोच फेराइट उलट कामही करतो, प्रचंड शक्तीच्या रेडिओलहरी निर्माण करण्याचे.

कसे? धातूची नळी, तिच्या मध्यातून जाणारी धातूची दांडी, आणि दांडीवर ओवलेल्या फेराइटच्या कड्या. एका टोकाने काही दहा हजार व्होल्टचा धक्का द्यायचा. धक्क्याचा सुरुवातीचा भाग दुबळा असतो. त्याच्या वाटेत फेराइट पूर्ण जोराने अडवतो, म्हणून तो सावकाश सरकतो. मागचा जोरदार भाग येईतो फेराइट चुंबकत्वाने तृप्त झालेला असतो आणि अडवणूक कमी होते. मागचा पुढच्याला गाठतो, पण ओलांडून जात नाही. घाटातलीच रांग! धक्क्याची चढण उभ्या कड्यासारखी होते, एका सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात.

नळीभोवती तारेचे वेटोळे घालून फेराइटमधील सूक्ष्म चुंबक आधीच नळीच्या लांबीच्या दिशेने वळवलेले असतात. हा उभा कडा आदळला की ते कलंडतात आणि टिचकी बसलेल्या भोवऱ्याप्रमाणे डुलत फिरू लागतात. त्या डुलण्याने विजेच्या दाबात कंप उठतात, सेकंदाला कोट्यवधींपासून काही अब्जांपर्यंत. वेटोळ्यातला प्रवाह बदलला की कंपसंख्या बदलते. थोड्याच हेलकाव्यांत भोवरा निवतो. ही या युक्तीची मर्यादा.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ नावाची यंत्रे आहेत, म्हणजे किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. तिथला मार्ग वेगळा: निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि त्यापासून सूक्ष्मलहरी मिळवायच्या. फेराइटच्या नळीला ना निर्वात लागतो, ना इलेक्ट्रॉनांचा झोत. ‘काली’विषयी मात्र विमाने पाडणाऱ्या किरणांच्या बऱ्याच कथा पसरल्या. अशा कथा ऐकताना एक हिशेब करून पाहावा. दहा कोटी वॅट, हा आकडा छाती दडपवतो. पण तो पाच अब्जांश सेकंद टिकला तर एकूण ऊर्जा अर्धा ज्यूल. अर्ध्या किलोची साखरेची पुडी दहा सेंटिमीटर उचलायला तेवढीच लागते.

मग भीती कशाची? माणूस त्याने भाजत नाही, पण संगणकाची चिप फार नाजूक असते. गाडीच्या इंजिनाचे नियंत्रण, अतिदक्षता विभागातला मॉनिटर, सगळे आता चिपवर चालते, आणि तिला भरकटवायला अर्ध्या ज्यूलचा बारीकसा अंशही पुरू शकतो. म्हणून अशा स्पंदांचा एक उपयोग उपकरणांची परीक्षा घेण्यासाठी होतो. धातूने मढवलेल्या खोलीत उपकरण ठेवायचे, स्पंद सोडायचा आणि ते कुठे चुकते ते पाहायचे. पुष्कळदा दोष उपकरणाच्या पेटीत नसतोच. बाहेर लोंबणारी लांब वायर ट्रान्झिस्टरच्या एरिअलसारखी वागते आणि झटका थेट आत नेऊन सोडते. तिच्यावर उपाय म्हणून जे मणी बसवतात, तेही फेराइटचेच. संगणकाच्या केबलवर टोकाशी एक जाड गाठ असते ना, ती आज घरी जरा निरखून पाहा.