कथाकार कादंबरीकडे वळतो तेव्हा : स्वागताध्यक्षीय भाषण

कथेपेक्षा कादंबरी लिहिणे अवघड जाते, ते केवळ पाने जास्त असतात म्हणून नव्हे. कथेला एक प्रसंग पुरतो, कधी एक माणूसही पुरतो. कादंबरीत काळ पुढे सरकावा लागतो, त्याबरोबर माणसे बदलावी लागतात आणि आरंभी घडलेल्या गोष्टीचे फळ कितीतरी पानांनंतर दिसावे लागते.

हे संमेलन ज्या माणदेशात भरले आहे, तिथल्याच दोन पुस्तकांत हा फरक दिसतो. माडगुळे गावी जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसे’ १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्यातले प्रत्येक व्यक्तिचित्र स्वयंपूर्ण आहे. एक वाचून पुस्तक मिटले तरी काही अपुरे वाटत नाही. १९५५ साली आलेल्या ‘बनगरवाडी’त मुलूख तोच आहे, पण कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांना एकाच वस्तीत, एकमेकांच्या संगतीने जगायचे आहे. या सर्वांना जोडण्यासाठी माडगूळकरांनी तरुण मास्तराची नजर योजली. मास्तर शाळा सुरू करतो, वाडी तालीम बांधते, आणि मग दुष्काळात तीच वाडी उठून जाते. उभी राहताना पाहिलेली वाडी ओस पडते, म्हणून तो शेवट जिव्हारी लागतो. आकाराने ही कादंबरी लहानच आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) काळाचा आणि बदलत्या माणसांचा हाच भार एका घराण्याच्या अनेक पिढ्यांवर आणि दोन खंडांवर पसरला आहे.

याचा अर्थ कथा म्हणजे कादंबरीची उमेदवारी असा नव्हे. अरविंद गोखले आणि जी. ए. कुलकर्णी यांची थोरवी कथेवरच उभी आहे.

कादंबरी लिहिण्यातली दुसरी अडचण लेखकाच्या एकटेपणाची. कथा मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून येते आणि वाचकाचा अभिप्राय लवकर मिळतो. कादंबरीकार मात्र वर्षानुवर्षे एकाच हस्तलिखितापाशी असतो. लिहिताना त्याची स्वतःची दृष्टी बदलते, भाषाही बदलते, आणि आधीची प्रकरणे पुन्हा लिहावी लागतात. अशा काळात परखड, जाणत्या वाचकाची सोबत मोलाची ठरते.

म्हणूनच या संमेलनात अपुऱ्या हस्तलिखितांच्या वाचनाला आणि चर्चेला अग्रस्थान दिले आहे. त्यासाठी आलेल्या कथाकार, कादंबरीकार, संपादक, प्रकाशक आणि वाचकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.