नकाशावरील नावांचा मान



बारडोलीत नकाशाविषयी बोलताना मला हरिपुरा आठवते. कडोदजवळच्या, तापीकाठच्या त्या लहान गावी 1938 साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. संगणकाच्या नकाशात दुरून सुरत दिसते, जवळ गेल्यावर बारडोली. हरिपुऱ्याचे नाव उमटण्यासाठी आणखी बरेच जवळ जावे लागते.

असे का व्हावे? कागदी नकाशात नावाची जागा नकाशाकार एकदाच ठरवी. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी 1962 साली या कलेचे नियम मांडले: गावाचे नाव शक्यतो बिंदूच्या उजवीकडे, किंचित वर, नदीचे नाव तिच्या वळणाने. पडद्यावर मात्र दृश्य बदलले की ही मांडणी क्षणार्धात पुन्हा करावी लागते. दोन नावे एकमेकांवर येऊ लागली, की संगणक वरच्या क्रमाचे नाव ठेवतो आणि दुसरे गाळतो. हा क्रम बहुधा लोकसंख्येवरून किंवा गाव, शहर अशा वर्गावरून लागतो. इतिहासासाठी त्यात सहसा रकाना नसतो.

हा क्रम लावणारा माणूसच असतो. 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणालाही स्थळांची भर घालता येते आणि एकाच गावाचे नाव गुजराती, मराठी अशा अनेक भाषांत नोंदविता येते. त्याच्या आधारे विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्यलढ्याचा वेगळा नकाशा सिद्ध करावा. त्यात 1928 च्या सत्याग्रहाची बारडोली आणि 1938 चे हरिपुरा दुरूनही वाचता यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.