बटईच्या रानातील सॉफ्टवेअर

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील जे तरुण संगणकाचे शिक्षण घेतात त्यांच्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात. एक, पुण्याला जाऊन नोकरी धरावयाची. दुसरी, गावी राहून सेवा केंद्रात उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरावयाचे. स्वतः सॉफ्टवेअर तयार करून विकण्याची तिसरी वाटही आहे. परंतु तिला भांडवल लागते असे म्हणून ती विचार न करताच सोडून दिली जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोठ्या भांडवलाशिवाय हा धंदा उभा राहू शकतो, आणि महाराष्ट्रातच तो उभा राहिलेला आहे. मात्र तो ज्या जमिनीवर उभा राहतो ती कोणाच्या मालकीची, आणि त्या जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आजचा विषय तोच आहे.

सॉफ्टवेअरच्या व्यवहारात ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्याचा अर्थ खेड्यातील माणसाला सहज कळण्यासारखा आहे. एखाद्या प्रस्थापित कंपनीने आधीच एक प्रणाली उभी केलेली असते. तिचे लक्षावधी ग्राहक असतात. पैसे घेण्यादेण्याची सोय असते. त्या प्रणालीवर इतरांनाही आपली भर घालता येते. थोडक्यात, जमीन, विहीर आणि बांध मालकाचे, श्रम आणि बियाणे कसणाऱ्याचे. मराठवाड्यात या व्यवस्थेला बटई म्हणतात.

एक उदाहरण घ्यावे. हिशेब ठेवण्यासाठी बाजारपेठेतील असंख्य दुकाने टॅली हे सॉफ्टवेअर वापरतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यालाही अशा साधनाची गरज भासू लागली. टॅलीच्या कंपनीने आपल्या प्रणालीत भर घालण्यासाठी स्वतंत्र भाषा उपलब्ध करून दिली आहे. त्या भाषेत जोड-कार्यक्रम लिहून विकणारे अनेक छोटे व्यावसायिक देशभर आहेत. आता समजा, मानवतच्या एका आडत दुकानाला शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापावयाची आहे. त्या पट्टीत वजन, भाव, हमाली, तोलाई, दिलेली उचल, या सर्वांची मांडणी तेथील रीतीप्रमाणे व्हावयास हवी. मोठी कंपनी मानवतच्या आडतीची रीत शिकण्यास येणार नाही. परंतु ज्या मुलाचा बाप त्याच मोंढ्यात हमाली करतो, त्याला ती लहानपणापासून ठाऊक असते. त्याने हिशेबाची संपूर्ण प्रणाली नव्याने रचावयाची ठरविली तर त्याची उमेदीची वर्षे त्यातच जातील. टॅलीवर भर म्हणून केली तर काही आठवड्यांत काम होऊ शकते. पहिल्या दुकानाच्या आगाऊ रकमेत कार्यक्रम लिहावयाचा, दुसऱ्या दुकानाच्या पैशात तो सुधारावयाचा आणि दहाव्या दुकानाच्या मिळकतीतून मदतनीस ठेवावयाचा. परदेशात यास बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. घरचे बियाणे राखून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्यात नवे असे काही वाटणार नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले आणि पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे संगणक आले, तसे दुकानात संगणकही दुरुस्तीस येऊ लागले. त्यांपैकी अनेक यंत्रांत बिघाड नसे; व्हायरसची लागण झालेली असे. धाकटे बंधू संजय संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी व्हायरस काढून टाकणारे कार्यक्रम लिहिले, आणि १९९५ च्या सुमारास त्यातून क्विक हील हे सॉफ्टवेअर बाजारात आले. पोटापाण्याचा खर्च दुरुस्तीच्या कामातून निघत होता. सॉफ्टवेअर त्या कमाईवर पोसले गेले. बाहेरचे मोठे भांडवल, सुमारे ६० कोटी रुपये, आले ते २०१० मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग खुल्या बाजारात विक्रीस आले.

या यशाची कहाणी सांगताना एक गोष्ट वगळली जाते. क्विक हील उभे राहिले ते मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या डॉस व विंडोज या प्रणालींवर. त्या प्रणालीत जी उणीव होती ती भरून काढणे हाच या धंद्याचा पाया होता. उणीव मालकाच्या घरची. ती कधी बुजवावयाची हे ठरविण्याचा अधिकारही मालकाचाच. सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर फुकट देण्यास आरंभ केला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर ते प्रणालीतच अंतर्भूत झाले. जी वस्तू विकून एक धंदा जगत होता ती वस्तू मालकाने आपल्या मालाबरोबर विनामूल्य देऊ केली. २०१६ मध्ये कॅस्परस्की या रशियन कंपनीने याच कारणावरून मायक्रोसॉफ्टविरुद्ध रशियातील स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली, आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या रीतीत काही बदल करण्याचे मान्य केल्यावर ती मिटली.

क्विक हील या आघातातून तगले. गावोगावचे संगणक विक्रेते आणि दुरुस्ती करणारे हे तिचे विक्रीचे जाळे होते, आणि ते जाळे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे नव्हते. शिवाय कंपनीने मोठ्या कचेऱ्यांच्या संगणक-सुरक्षेचे वेगळे काम अंगावर घेतले. म्हणजे जमीन परकी असली तरी ग्राहकाशी असलेले नाते स्वतःचे होते. ज्यांचे हे नाते स्वतःचे नसते त्यांचे काय होते, हे अमेरिकेतील नेटस्केपच्या उदाहरणावरून दिसते. इंटरनेट पाहण्याचे तिचे सॉफ्टवेअर एके काळी अग्रेसर होते. मायक्रोसॉफ्टने तशीच वस्तू विंडोजसोबत फुकट जोडली. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला, आणि २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही मक्तेदारी राखण्यासाठी कायदा मोडल्याचे मान्य केले. पण तोपर्यंत नेटस्केप स्वतंत्र कंपनी म्हणून उरलीच नव्हती. न्याय मिळाला, परंतु पीक जळून गेल्यावर पाऊस पडावा तसा.

आजचा सर्वांत मोठा जमीनदार हा मोबाईल फोनच्या प्रणालीचा मालक आहे. भारतातील बहुसंख्य फोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात, आणि त्यांवर ॲप पोहोचविण्याचा हमरस्ता म्हणजे गूगलचे प्ले स्टोअर. २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असा वाटा गूगलने लावला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या वसुलीच्या अटींबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर गूगलने वसुलीचा दुसरा मार्ग वापरण्याची मुभा दिली. परंतु त्यावरही ११ किंवा २६ टक्के वाटा मागितला. म्हणजे धान्य मालकाच्या खळ्यात न नेता स्वतःच्या अंगणात मळले, तरी बटई जवळजवळ तीच! मार्च २०२५ मध्ये अपिलात हा दंड २१६.६९ कोटींवर आला.

मधल्या काळात मालकाच्या सत्तेचे दर्शन देशाला घडले. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स स्टोअरमधून काढून टाकली. विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्या शोधून देणाऱ्या नामांकित कंपन्या त्यांत होत्या. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत ती परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री धावून आले. जिंतूरच्या किंवा पाथरीच्या एखाद्या तरुणाचे ॲप उद्या असेच काढले गेले तर त्याने कोणाचे दार ठोठवावयाचे?

यावर दोन उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे की परक्या जमिनीवर पाऊलच ठेवू नये. ज्याच्यापाशी स्वतःची जमीन नाही त्याला हा उपदेश म्हणजे उपाशी राहण्याचाच सल्ला होय. दुसरे उत्तर असे की हा दोघांनी राजीखुषीने केलेला करार आहे. अटी मान्य नसतील तर दुसरीकडे जावे. ज्याच्यासमोर दुसरे शेतच नाही त्याच्या राजीखुषीला अर्थ किती असतो, हे मराठवाड्याला कोणी नव्याने सांगावयास नको. येथील कुळांनी निजामी राजवटीतील जमीनदारी सोसली आहे. मुक्तीनंतर १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्याने संरक्षित कुळाला कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज काढता येईना आणि खंडालाही मर्यादा आली. मालकाने खंड घेऊच नये असे तो कायदा म्हणत नव्हता. मालकाने गुंतवणूक केली असेल, राखण केली असेल, तर त्याचा वाटा त्याला मिळावा. परंतु वाटा किती आणि कुळाला बाहेर केव्हा काढावयाचे हे मालकाच्या मर्जीवर राहू नये, एवढेच त्याचे सूत्र. त्या कायद्याच्या मर्यादाही स्मरणात ठेवाव्यात. तोंडी बटईने कसणाऱ्याचे नाव सातबारावर चढत नाही. म्हणून पीककर्ज घेताना आणि नुकसानभरपाई मिळविताना तो अडतो. नोंद नाही तेथे हक्कही पातळ होतो.

सार्वजनिक जमीन हा तिसरा मार्ग आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही पैसे पाठविण्याची व्यवस्था बँकांनी मिळून उभारलेल्या, नफ्यासाठी नसलेल्या संस्थेची आहे. परभणीच्या चहाच्या टपरीवरही तिचा चौकोनी छाप दिसतो. ही व्यवस्था कोण्या एका खाजगी कंपनीची मालमत्ता नाही, ही मोठीच गोष्ट होय. तरीही २०२४ मध्ये तिच्यावरील चार-पंचमांशाहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच कंपन्यांच्या ॲपमधून होत होते. एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांपुढे जाऊ नये हा नियम २०२० मध्ये ठरला. त्याची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. गायरान सार्वजनिक असले, तरी ज्याची गुरे जास्त त्याचेच ते होते. सार्वजनिक मालकीला नियमांची राखण लागतेच.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? प्रथम, तरुणांना या वाटेवर जाण्यास उत्तेजन द्यावे, पण डोळसपणे. ग्राहकांची यादी व त्यांच्याशी संपर्क मालकाच्या ताब्यात नव्हे तर आपल्याकडे ठेवावा. ग्राहकाचा हिशेब दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशी रचना आरंभापासून करावी. करार वाचून घ्यावा; अटी बदलण्याचा अधिकार कोणाला, हे कलम तर दोनदा वाचावे. आणि मालक ज्या उणिवा सहज बुजवू शकेल त्यांच्यावर धंदा न उभारता, मोंढ्यातील रीत, मराठी भाषा, शेतीचा हंगाम यांसारख्या ज्या गोष्टी मालकाला ठाऊक नाहीत त्यांच्यावर तो उभारावा.

दुसरे, कायद्याची मागणी करावी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने डिजिटल स्पर्धेविषयीच्या विधेयकाचा मसुदा मांडला. नुकसान झाल्यावर दंड करण्याऐवजी मोठ्या मालकांवर आधीच बंधने घालावीत, हे त्यातील तत्त्व होते. ते तत्त्व योग्य आहे. त्याला पुढील मागण्यांची जोड हवी: लेखी कारण व मुदत दिल्याशिवाय कोणाचेही ॲप काढू नये, काढल्यास महाराष्ट्रातच, मराठीतून, अल्प खर्चात अपील करता यावे, वाट्याच्या दराला मर्यादा असावी, आणि कुळाच्या धंद्यावरून मिळालेली माहिती वापरून मालकाने त्याच्याविरुद्ध दुकान थाटू नये.

तिसरे काम तर दिल्लीची वाट न पाहता येथेच होण्यासारखे आहे. बाजार समित्या, सहकारी संस्था, पतपेढ्या यांना सॉफ्टवेअर लागतेच. त्यांनी आपली माहिती आपल्याच मालकीची ठेवून, जोड-कार्यक्रमांची कामे जिल्ह्यातील तरुणांना दिली, तर त्यांना पहिला ग्राहक मिळेल. धंद्याच्या आरंभी भांडवलापेक्षाही पहिल्या ग्राहकाची गरज मोठी असते.

मित्रहो, कसेल त्याची जमीन ही घोषणा या भूमीने ऐकलेली आहे. संगणकाच्या रानात ती जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु कसणाऱ्याला पेरणीनंतर आणि कापणीपूर्वी हुसकावून लावता येणार नाही, इतकी हमी तरी तेथे असलीच पाहिजे. ती मागणारा संघटित आवाज गावागावांतून उठला पाहिजे. तो उठविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.