आधी मोजा, मग पेरा

(पिंपळी येथील ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आज कर्जाच्या हप्त्यांचं नाही, परसबागेचं बोलायचंय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

जूनमध्ये मोबाईलवरून बियाणं मागवू या, असं मीच तुम्हाला म्हटलं होतं. पाकिटं पोस्टानं घरपोच आली. वरचे फोटो बघून आपण सगळ्याच हरखलो. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. टोमॅटोची आठ-दहा रोपं आली, मिरची उगवलीच नाही, अन् काकडी म्हणून लावलेल्या वेलाला दोडकी लागली. पैसे तुमचे गेले, शब्द माझा होता.

एका मावशींनी मला विचारलं, "मॅडम, बी खराब होतं का आमचा हातच वाईट?" मला उत्तर देता आलं नाही. कारण सगळं बी पेरलं होतं, पाकिटं चुलीत गेली होती. पुरावाच उरला नाही. म्हणून यापुढं तीन गोष्टी करू या.

पहिली, पाकीट वाचा. लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली नसेल, तर ते बी घेऊ नका. नुसत्या फोटोला भुलू नका.

दुसरी, 20 दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. फडकं वाळू देऊ नका. भेंडीला आठवडाभर, टोमॅटो-मिरचीला दोन आठवडे वाट बघा. 20 पैकी टोमॅटोचे 14, भेंडीचे 13, मिरचीचे 12 दाणे तरी उगवायला हवेत. त्याहून फारच कमी आले, तर दोष बियाण्याचा. फडक्यात उगवलं अन् वाफ्यात नाही, तर आपलं काहीतरी चुकलं. बी फार खोल गेलं असेल, नाहीतर पाणी जास्त झालं असेल. बी जेवढं जाड, त्याच्या दोन-तीन पटच खोल टाकायचं.

तिसरी, बिल, पाकीट आणि थोडं बी जपून ठेवा. फसवणूक झाली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करता येते. शंका असेल तर शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळच आहे.

आणि घरचं बी विसरू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली. घेवडा, वाल, गवार यांचं बी आपणही धरू शकतो. संकरित वाणाचं मात्र धरू नका, पुढच्या पिढीत तसंच फळ येत नाही.

बचतीचे पैसे आपण सगळ्यांसमोर मोजतो ना? मग बीसुद्धा मोजूनच पेरू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं फडकं घेऊन यायचं. मीही माझं आणते.