स्टेअरिंग जड झालं तर
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज गाडीच्या तेलाबद्दल बोलायचं आहे. डिझेल नव्हे, इंजिन ऑईलही नव्हे. पॉवर स्टेअरिंगचं तेल. हप्ते नाहीत, पापड-लोणची नाहीत, म्हणून लगेच रेडिओचा कान पिळू नका. आता आपल्या गटांच्या, ग्रामसंघांच्या दारात गाड्या यायला लागल्या आहेत. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, त्यात तर गटाच्या सदस्यांनी गाडी घेऊन गावाकडच्या रस्त्यांवर वाहतूक करायची, अशीच कल्पना आहे. गाडी घेताना आपण कर्जाचा हिशेब बारकाईनं करतो. पण ती दारात उभी राहिली की बॉनेटखाली काय आहे ते बघायला कुणी जात नाही. ते काम पुरुषांचं, असं आपणच धरून चालतो.

आमच्या भोरकडच्या सहा गटांनी मिळून एक जुनी बोलेरो घेतली. इंद्रायणी तांदूळ, नाचणीचं पीठ, हातसडीचे पोहे असा माल कात्रज ओलांडून पुण्याला न्यायचा, ही गरज. आमच्यातल्या दोघी लायसन्स काढून गाडी शिकल्या. एक जण सून, एक जण चाळिशीची काकू. दोघी घाटातून भरलेली गाडी नेतात-आणतात. नुसता माल नाही, रात्री-अपरात्री वाडीवरच्या बाळंतिणीला भोरच्या दवाखान्यात याच गाडीनं नेलं आहे.

एका पावसाळ्यानंतर स्टेअरिंग जड व्हायला लागलं. वळणावर घुंघुं असा आवाज. गाडी मागे घेऊन वळवताना काकूंचे खांदे भरून यायचे. झालं, गावात चर्चा सुरू. "बायांच्या हातचं काम नाही ते." तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं की पंप गेला, स्टेअरिंगचा सगळा सेट बदलावा लागेल, १८,००० रुपये. मग बैठकीत विषय आला की नाहीतरी बायांना जड जातंय, तर महिना ९,००० वर ड्रायव्हरच ठेवू. म्हणजे तांदळात जे सुटतं ते पगारात जाणार, आणि ज्या दोघींनी वर्षभर घरच्यांची बोलणी खाऊन गाडी शिकली, त्या मागच्या सीटवर बसणार. काकू त्या बैठकीत एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या किल्ली हातात फिरवत होत्या.

निर्णय व्हायच्या आधी एकीचा भाचा आला. तो मेकॅनिक आहे. त्यानं बॉनेट उघडलं, एक लहान डबा दाखवला. तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि रंगानं काळंकुट्ट. डब्याकडे तेल परत आणणाऱ्या नळीची क्लिप सैल होती, तिथून थेंब थेंब गळत होतं. क्लिप पानाने आवळली, तेल बदललं, तासाभरात स्टेअरिंग हलकं. ड्रायव्हरचा विषय तिथंच संपला. तो करत होता तेव्हा आम्ही चौघी शेजारी उभ्या राहून बघत होतो, मी वहीत लिहून घेत होते. त्यानंतर दोनदा हे काम आम्ही आमच्याच अंगणात केलं आहे. तीच वही आज तुमच्यापुढे वाचतेय म्हणा.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. आपण चक्र फिरवतो ते अर्धंच, उरलेली ताकद तेलाची. म्हणून इंजिन बंद असलं की स्टेअरिंग दगडासारखं होतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, मग तो आवाज आणि ती जडता. एक गोष्ट लक्षात ठेवा: चालत्या गाडीत ही मदत गेली तरी चाकं वळतात, फक्त जोर लागतो. घाबरून हात सोडायचे नाहीत. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून वेग कमी करायचा आणि गाडी कडेला घ्यायची.

सगळ्या गाड्यांना हे तेल नसतं. स्विफ्ट, वॅगन आर अशा गाड्यांत आणि अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ही मदत विजेची मोटर करते, तिथं तेलाचा डबाच नाही. काही जुन्या पिकअपला तर पॉवर स्टेअरिंगच नसतं. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ यांना तेल असतं. आपली गाडी कुठली ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. गाडी वॉरंटीत असेल तर घरी हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

आता डबा ओळखणं. यात मी थोडा वेळ घेणार आहे, कारण खरा धोका इथं आहे. बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाचाही एक डबा असतो. तो बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खालच्या पत्र्याजवळ. पॉवर स्टेअरिंगच्या डब्याच्या झाकणावर बऱ्याचदा स्टेअरिंगच्या चक्राचं चित्र असतं, किंवा तशी अक्षरं असतात. स्टेअरिंगचं तेल चुकून ब्रेकच्या डब्यात गेलं तर ब्रेकमधली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. तसं झालं तर गाडी एक फूटही चालवायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. उलट ब्रेकचं तेल स्टेअरिंगच्या डब्यात गेलं तर तिथली सीलं खराब होतात. आम्ही डब्याच्या झाकणावर लाल नेलपॉलिशनं टिकली काढली आहे. हसू नका, अंधारात बॅटरी लावून बघताना त्याच टिकलीचा उपयोग होतो.

तेल कुठलं आणायचं? झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच. पुष्कळ गाड्यांना ए.टी.एफ. म्हणजे लाल रंगाचं तेल चालतं, डब्यावर डेक्सरॉन असं लिहिलेलं असतं. पण सगळ्यांना तेच चालतं असं नाही. दुकानदार "हेच सगळे टाकतात" म्हणाला तरी पुस्तिकेतलं नाव दाखवा. एक लिटरचा सीलबंद डबा पुरतो, गळती जास्त असेल तर थोडं अधिक लागतं. सुटं तेल घेऊ नका.

तेल बदलायची वेळ झाली का, हे कसं कळणार? डब्यातला थेंब पांढऱ्या सुती फडक्यावर टाका. स्वच्छ लालसर किंवा पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी-काळं असेल, जळका वास येत असेल तर बदला. थेंबात चकाकणारी बारीक कणी दिसली तर ती धातूची झीज. ते आपलं काम नाही, मेकॅनिकला दाखवा. किलोमीटरचा हिशेब पुस्तिकेत असतो. साधारणपणे ४०,००० ते ८०,००० किलोमीटरच्या मध्ये बदला म्हणतात, पण आमच्यासारख्या धुळीच्या आणि घाटाच्या रस्त्यांवर रंग बघून ठरवलेलं बरं.

सामान फार लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळते ती मोठी सिरिंज, ५० मिलिलिटरची, आणि तिच्या तोंडाला बसेल अशी हातभर प्लास्टिकची नळी. जुन्या चिंध्या, एक नरसाळं, रिकामी बाटली, हातमोजे. गुरांना औषध पाजायची पिचकारी घरात असते, ती यासाठी घेऊ नका. आणि तेलाला वापरलेली सिरिंज पुन्हा कधीही औषधाला नाही, तिच्यावर तसं लिहूनच ठेवा.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन गार होऊ द्या. आणि आता आपल्या स्वतःकडे बघा: पदर कमरेला घट्ट खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणीचा अंबाडा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, बांगड्या वर सरकवलेल्या किंवा काढलेल्या. इंजिन चालू असताना पट्टा आणि पंखा फिरतो, कपड्याचं टोक अडकलं तर माणूस आत ओढला जातो. आमच्याकडे नियम असा की पुढं उभी राहणारी ड्रेस घालूनच येते. पोरंसोरं ओट्यावर.

झाकण उघडण्याआधी डबा आणि आजूबाजूची जागा ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. भात झोडणीच्या दिवसांत तर हे काम करूच नका. तूस हवेत उडत असतो, एक कण आत गेला तरी पंपाला नको.

झाकण काढा, सिरिंजनं डब्यातलं जुनं तेल ओढून बाटलीत टाका. खाली जाळी असते, नळीनं तिला टोचू नका. मग नवं तेल वरच्या खुणेपर्यंत भरा. काही डब्यांवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतात. इंजिन गार आहे तर गारची खूण धरायची. झाकण लावा. आता एक जण आत बसून इंजिन चालू करेल आणि चक्र सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे असं चार-पाच वेळा फिरवेल. टोकाला गेलं की लगेच परत. टोकाला दाबून धरून ठेवलं तर पंपावर फार ताण येतो. दुसरी जण लांबून डब्याकडे बघेल. तेल खालच्या खुणेखाली उतरतंय असं दिसलं की हात वर, इंजिन बंद, तेल भरायचं. पंप कोरडा पडता कामा नये.

इंजिन बंद करून परत तेच. ओढायचं, भरायचं, फिरवायचं. डब्यात तेलाचा थोडाच भाग असतो, बाकीचं नळ्यांत आणि पंपात, त्यामुळे पहिल्यांदा भरलेलं नवं तेलही लगेच काळपट दिसेल. ताकाचं मडकं विसळताना पहिलं पाणी पांढरं येतं, दुसरं कमी, तिसरं त्याहून कमी, तसंच हे. तीन-चार फेऱ्यांत बरंच जुनं निघून जातं, थोडं राहतं. एका दिवसात सगळं करायची घाईही नाही. आम्ही दोन फेऱ्या करून गाडी आठवडाभर चालवली आणि पुढच्या रविवारी उरलेल्या दोन केल्या. सगळंच्या सगळं तेल काढायचं तर परतीची नळी सोडवावी लागते, पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवावी लागतात. ते काम गॅरेजात करून घ्यावं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, मग समोर कितीही हुशार माणूस असो.

शेवटी डब्यात फेस किंवा बुडबुडे दिसले तर आत हवा आहे. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. मग इंजिन बंदच ठेवून चक्र दोन्हीकडे पंधरा-वीस वेळा फिरवा. जड जातं, दोघींनी आळीपाळीनं फिरवा. मग पातळी बघून इंजिन चालू करा. आवाज गेला, फेस गेला की झालं. तेल डोळ्यात उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, थांबलं नाही तर दवाखाना. सांडलेलं लगेच पुसा, चप्पल घसरते.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर लाल डाग दिसला तर गळती आहे. डाग कुठं पडला ते खडूनं खूण करून ठेवा, मेकॅनिकला जागा दाखवता येते. क्लिप सैल असेल तर आवळता येते, पण नळी फुगलेली, चिरलेली असेल तर नळीच बदला. तेल तेवढं भरत राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. पातळी दर पंधरा दिवसांनी बघा आणि तारीख गाडीच्या वहीत लिहा. आमच्या वहीत डिझेल, हवा आणि स्टेअरिंगचं तेल असे तीन रकाने आहेत, गाडी आणणारीनं सही करायची.

राहिलं ते काळं तेल. ते विहिरीजवळ, ओढ्यात, बांधावर कुठंही ओतायचं नाही, चुलीत जाळायचं नाही, गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायचंही नाही. आमच्याकडे ही फासायची सवय फार आहे, सांगून सांगून तोंड दुखलं. झाकणाच्या बाटलीत भरा, वर "खराब तेल" लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. इंजिन ऑईल बदलायला गाडी गॅरेजला जाईल तेव्हा त्यांच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. तिथून ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडं जातं का, हेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

तुमच्या गटाच्या गाडीला हे तेल आहे की नाही, एवढं उद्याच बघून ठेवा.