पदविकेनंतरचा कलावंत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



गिरणी कामगार, शेतमजूर आणि शिक्षक यांच्या प्रश्नांचा विचार चळवळीत नित्य होत आला आहे. चित्रकार आणि शिल्पकार हेही श्रम करून जगणारे आहेत, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्यांचा प्रश्न अभिरुचीचा मानला जातो. वस्तुतः तो उपजीविकेचा आणि उत्पादनसाधनांचा प्रश्न आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. आज महाराष्ट्रात शासकीय व खाजगी अशी अनेक कला महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्याला चार-पाच वर्षे प्रशस्त उजेडाची जागा, छापयंत्र, भट्टी, ओतकामाची सोय आणि चित्राची परखड चिकित्सा करणारे सहाध्यायी लाभतात. पदविका हाती पडते त्या दिवशी हे सारे एकदम नाहीसे होते. लहान गावातून आलेल्या मुलाच्या वाट्याला चौघांत घेतलेली भाड्याची खोली येते. तिथे सहा फुटी कॅनव्हास उभा करता येत नाही, मग दगड फोडणे दूरच. म्हणजे शिक्षणाने कौशल्य दिले आणि ते वापरण्याची साधने काढून घेतली. कारखान्याबाहेर काढलेल्या कुशल कामगाराहून ही स्थिती फारशी वेगळी नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, खरी प्रतिभा आपली वाट शोधतेच. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवले, आरा यांनी घरगड्याचे काम केले आणि मोटारी धुतल्या, असे दाखले दिले जातात. दाखले खरे आहेत. परंतु ते तरून गेलेल्यांचे आहेत. बुडालेल्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. शिवाय जे तरले तेही एकाकी नव्हते. लँगहॅमर आणि फॉन लायडन यांच्यासारख्या जाणकारांचा आधार त्या पिढीला मिळाला. भुलाभाई देसाई स्मारक संस्थेने गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांना काम करण्यास जागा दिली. उत्तरायुष्यात आर्टिस्ट्स सेंटरचे काम पाहताना आरांनी तरुण चित्रकारांना हात दिला, तो अनुभवाने शहाणे होऊनच.

तथापि आश्रयदात्याचे औदार्य त्याच्या मर्जीवर अवलंबून असते. यापेक्षा भक्कम मार्ग मद्रासच्या कलावंतांनी दाखविला. तेथील शासकीय कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांना आपल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न छळत होता. त्यांनी विद्यार्थी व सहकारी यांना संघटित केले. बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू सर्वांनी मिळून तयार करावयाच्या, त्यांच्या विक्रीतून पोट भरावयाचे आणि उरलेला वेळ आपल्या चित्रांना द्यावयाचा, अशी ही योजना होती. त्याच कमाईच्या बळावर समुद्रकाठी जमीन घेऊन १९६६ साली चोळमंडल हे कलाग्राम वसविण्यात आले. ते आजही उभे आहे. प्राचार्याची जबाबदारी वर्गाच्या दारात संपत नाही आणि जमीन, बाजार व वेळ या तिन्ही गोष्टी सहकारातून मिळविता येतात, हा त्याचा धडा आहे.

मग शासनाने काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. परंतु डोळसपणे करावे. नेदरलँड्समध्ये १९४९ ते १९८७ या काळात कलावंतांना उत्पन्न देऊन मोबदल्यात त्यांच्या कृती घेण्याची योजना होती. कलावंत जगले, पण असंख्य कृती गुदामांत साचल्या. आयर्लंडने २०२२ साली वेगळा प्रयोग केला: दोन हजार कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न. त्यात कृती विकत घेण्याची अट नव्हती. जे विकत घेतले ते वेळेचे स्वातंत्र्य.

आपल्याकडे कायद्यातच काटकसर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पटसंख्या शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. कलाशाखेच्या पदवीधराला मिळू शकणारी सर्वांत स्वाभाविक नोकरी अशी मुळातच अर्धी करून टाकलेली आहे, आणि मुलांचा चित्रकलेचा तासही तिच्याबरोबर अर्धा झाला आहे.

दुसरी बाब मोबदल्याची. हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र त्याच सुमारास अल्प किमतीत विकले गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची फेरविक्री झाल्यास कलावंताला वा त्याच्या वारसांना किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. भारताबाहेरच्या लिलावाला हे कलम लागू नाही, ही त्याची मर्यादा. परंतु देशातल्या विक्रीतही ते जवळजवळ निद्रिस्त आहे. कारण हक्क मागणारी संघटना नाही. असंघटितांचे कायदे कागदावरच राहतात, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. नगरपालिकेच्या ओस पडलेल्या शाळाखोल्या तरुण कलावंतांना सामायिक चित्रशाळा म्हणून मिळाव्यात, यासाठी नगरसेवकांकडे आग्रह धरावा. प्रत्येक शाळेत पूर्ण वेतनाचा कलाशिक्षक हवा, ही मागणी शिक्षक संघटनांच्या मागण्यांत घालावी. आणि कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील मुलांना एकत्र बोलावून करार, हक्क व सहकारी संस्था यांची माहिती द्यावी. मोर्चाचा फलक रंगवून हवा असतो तेव्हा याच मुलांची आठवण होते. त्या रंगाचे पैसे आणि त्या हाताची मजुरी चुकती करण्यापासूनच आरंभ करावा, हे उत्तम.